झाकल्या मुठीचा डाव

बटणावर बसलेल्या खेळाडूसमोर २०,००० चिप्स आहेत. छोटा ब्लाइंड १,०००, मोठा २,०००, आणि अँटी म्हणून मोठ्या ब्लाइंडवाल्यानेच भरलेले आणखी २,०००. त्याच्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेत. त्याच्या हातात किलवरचा एक्का आणि बदामाची पंजी. मधली पाच पानं अजून गड्डीतच आहेत. तो दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे सारतो. ऑल-इन. डावीकडचे दोघे जरा घुटमळतात आणि पत्ते टाकतात. मधले ५,००० त्याच्याकडे येतात, पत्ते पुन्हा पिसायला जातात.

टीव्हीवर असे डाव कापून टाकतात. पान उघडलं नाही, कोणी खुर्चीतून उठलं नाही, शेवटच्या पानावर कोणाचं नशीब फिरलं नाही, मग दाखवायचं काय? मला मात्र पोकरच्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोडी याच पंधरा सेकंदांची वाटते. एक्का-पंजी हा काही मोठा हात नव्हे. कोणी अडवलं असतं तर बहुतेक वेळा आपला बटणवालाच मागे असता. तरी त्याने जे केलं ते बरोबर होतं आणि वेळेवर होतं. त्यातलं ‘वेळेवर’ हे कसं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

तीन पत्तीवर वाढलेल्यांसाठी थोडा खुलासा. या पोकरमध्ये दोन पानं आपली, पाच सामाईक. बोली चार वेळा होते: आपली दोन पानं बघितल्यावर, मग फ्लॉपची तीन सामाईक पानं उघडल्यावर, मग चौथं आणि पाचवं उघडल्यावर. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे न बघता खेळणारा. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोन जागांवरच्यांनी सक्तीने भरायची रक्कम. दर डावाला या जागा एकेक घर पुढे सरकतात. बटण ही वाटणाऱ्याची जागा. फ्लॉपआधी बटणवाला बोलला की त्याच्यामागे फक्त दोघे बोलायचे उरतात. आणखी एक मोठा फरक म्हणजे, दिवाळीत घरी बसलेल्या तीन पत्तीचा बूट पहाटेपर्यंत तेवढाच असतो. स्पर्धेत घड्याळ लावलेलं असतं आणि दर वीस-तीस मिनिटांनी ब्लाइंड वाढतात. खिशात हात घालून नव्या चिप्स घ्यायची सोयही एका टप्प्यानंतर बंद होते.

म्हणजे काहीच न करणाऱ्याचा ढीगही उतरतो. आपल्या बटणवाल्याने एक फेरी नुसते पत्ते टाकले, तर बटण पुन्हा त्याच्याकडे येईपर्यंत मोठ्या ब्लाइंडचे आणि अँटीचे मिळून ४,००० आणि छोट्याचे १,००० जातात. उरतात १५,०००. दुसऱ्या फेरीअखेर १०,०००. त्याने चूक केली नाही, कोणाशी भिडला नाही, आणि तरी ढीग निम्मा झाला. तेवढ्यात पातळी बदलली, ब्लाइंड १,५००-३,००० झाले, तर त्याच १०,०००चं बळ आणखी खाली आलं.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. मार्च ते मे दरम्यान काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरला की त्याचं काय होतं, ते निफाड-येवला-चांदवडकडे घराघरात माहीत आहे. लासलगावचा भाव वाढेल म्हणून थांबायचं, पण थांबण्याला भाडं लागतं. वजन रोज थोडं उतरतं. पावसाळ्यात सड लागते, पुढे कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत बऱ्या चाळीतूनही पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त माल जातो. दिवाळीच्या आगेमागे नवा लाल कांदा बाजारात उतरायला लागला की जुन्याचा मानही जातो. ‘अजून थोडं थांबू’ म्हणणारा शेतकरी भित्रा नसतो आणि पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टर लावणारा उतावळाही नसतो. दोघांपुढचा प्रश्न एकच असतो: माल अजून माल आहे तोवर केव्हा निघायचं? उतरत्या ढिगाचा खेळाडू दर डावाला हाच प्रश्न सोडवत असतो, फक्त त्याच्याकडे विचाराला अर्धा मिनिट असतो.

आता त्याच जागी, त्याच एक्का-पंजीसह, त्याच्यासमोर वेगवेगळे ढीग ठेवून बघू.

समजा त्याच्याकडे ४०,००० आहेत, म्हणजे वीस मोठे ब्लाइंड. सगळे ढकलले तर तो मधले ५,००० मिळवायला ४०,००० पणाला लावतो. नुसत्या चोरीवर हा सौदा परवडायचा तर दहातून जवळजवळ नऊ वेळा समोरच्यांनी पत्ते टाकायला हवेत. म्हणून इथे जाणकार खेळाडू ४,२००च्या आसपासची बेताची बोली लावतो. दोनातून एकदा जरी दोघांनी पत्ते टाकले तरी खर्च निघून वर चार पैसे राहतात. कोणी उलट मोठी बोली लावली तर निमूट पत्ते टाकायचे, गेलेलं गेलं. या ढिगाला माघारीची वाट आहे. वीस वर्षांपूर्वी अशा वेळी मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट बोली लावायची पद्धत होती. ती हळूहळू सव्वादोन पटीवर, कधी दोन पटीवर आली. तेवढंच काम कमी पैशात होत असेल तर जास्त का मोजायचे, इतकं साधं ते कारण. मोठ्या बोलीचा रुबाब गेला याची खंत करणारे जुने खेळाडू अजून भेटतात. मला ती खंत पटत नाही.

२०,००० असताना, म्हणजे दहा ब्लाइंडला, चित्र पालटतं. आता ४,२००ची बोली लावून नंतर पत्ते टाकणं म्हणजे घरातला पाचवा हिस्सा उंबऱ्यावर ठेवून परत फिरणं. माघारीची वाट महाग झाली, म्हणून ती बंदच करून टाकायची आणि सगळं ढकलायचं. आता मोठ्या ब्लाइंडवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. त्याला आणखी १८,००० भरायचे आहेत आणि एकूण डाव होईल ४३,००० चा. शंभरातून बेचाळीस वेळा जिंकण्याइतका हात असेल तरच हे भरणं योग्य. राणी-छक्की, गुलाम-सत्ती, दश्शी-चव्वी असल्या फुटकळ पानांवर तो धजावत नाही. धरून चालू की दहातून सहा वेळा दोघेही पत्ते टाकतात. तेव्हा ५,००० फुकटात, सुंठीवाचून खोकला गेला. उरलेल्या चार वेळा कोणीतरी अडवतो आणि एक्का-पंजी त्यातल्या चाळीस टक्के वेळा तरते. ४३,०००चे चाळीस टक्के म्हणजे १७,२००, म्हणजे अडवलं गेल्यावर सरासरी तोटा २,८००चा. सगळं मिळून दर वेळी साधारण १,९०० चिप्सचा नफा, मागे पडलेल्या हातावर! पानं मागे आहेत आणि खेळाडू पुढे आहे, या विसंगतीत या डावाचा सगळा रस आहे.

तोच माणूस दोन फेऱ्या ‘चांगल्या पानां’ची वाट बघून १०,०००वर आला आणि मग एक्का-पंजी ढकलली तर? मोठ्या ब्लाइंडवाल्याला आता आणखी फक्त ८,००० भरायचे आहेत, २३,०००च्या डावासाठी. शंभरातून पस्तीस वेळा जिंकलं तरी पुरे. म्हणजे जवळजवळ कुठलीही दोन पानं चालतात. तो खांदे उडवतो आणि भरतो. सत्ती-दुर्रीसारखा दळभद्री हातही एक्का-पंजीला तीनातून एकदा तरी हरवतोच. आपला खेळाडू अजूनही बहुतेक वेळा जिंकेल आणि ढकलणं अजूनही योग्यच आहे, पण त्याच्या हातातल्या दोन शस्त्रांपैकी एक गळून पडलं आहे. समोरच्याला घाबरवून जिंकता येत नाही, पानं उघडूनच जिंकावं लागतं. आणि जिंकून काय मिळतं, तर २३,०००. दोन फेऱ्यांपूर्वी जिथे होता, त्याच्या जरासा पुढे.

झाकली मूठ सव्वा लाखाची ती अशी. दहा ब्लाइंडची मूठ झाकलेली राहू शकते. पाच ब्लाइंडची मूठ लोक उघडायलाच लावतात.

जागेचंही बघायला हवं. हीच दहा ब्लाइंडची एक्का-पंजी पहिल्याच जागेवर आली तर टाकून द्यायची. तिथे मागे आठ जण बोलायचे असतात. प्रत्येकाकडे दहातून एकदा भरभक्कम हात येतो असं धरलं, तर आठांपैकी निदान एकाकडे तो असण्याची शक्यता सत्तावन्न टक्के होते. बटणावर मागे दोघेच, तेव्हा ती एकोणीस टक्के. पानं तीच, ढीग तोच, आणि एका जागी शहाणपण ते दुसऱ्या जागी वेडेपणा. पहिल्या जागेवरून साधारण पंजीच्या वरच्या जोड्या, एक्का-दश्शीपासून वरचे एक्के, राजा-राणी एवढंच ढकलावं. बटणावरून कुठलीही जोडी आणि कुठलाही एक्का चालतो.

या प्रकारातली सगळ्यात देखणी चाल मात्र दहा ब्लाइंडची नव्हे, अठरा-वीसची आहे. ढीग उतरणीला लागलाय, पण अजून दरारा आहे, अशी ती अवस्था. बटणवाला ४,४००ची बोली लावतो. आपण मोठ्या ब्लाइंडवर आहोत. ब्लाइंडसकट ३६,००० आहेत आणि हातात चौकटचा एक्का, चौकटची पंजी. आपण सगळं ढकलतो. मध्ये आधीच ९,४०० पडलेले. त्याला आणखी ३१,६०० भरायचे आहेत, बेचाळीस टक्के जिंकण्याची खात्री हवी. मौज अशी की बटणावरून तो निम्म्याअर्ध्या हातांवर बोली लावतो, पण आता त्यातले बरेचसे हात त्याला परवडत नाहीत. त्याच्या उदारपणाची आपण वसुली करतो. यात पंजी जवळजवळ शोभेची आहे, खरं काम एक्का करतो. एक एक्का आपल्याकडे असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी येण्याच्या सहा तऱ्हांपैकी तीनच उरतात आणि एक्का-राजाच्या सोळांपैकी बारा. आपण ज्या हातांना भितो तेच हात आपल्या पानामुळे विरळ होतात. आणि एवढं करून कोणी अडवलंच, तर एका रंगाची पानं पाच पानांचा एक रंग जुळवून कधीमधी सुटका करतात. ही चाल पहिल्यांदा नीट उलगडली तेव्हा मला ती कागदावर पुन्हा पुन्हा मांडावीशी वाटली होती.

उतरत्या ढिगाला भाषा दिली डॅन हॅरिंग्टन यांनी. १९९५ची जागतिक पोकर स्पर्धा जिंकलेला हा माणूस. २००३ आणि २००४ या लागोपाठ दोन वर्षी पुन्हा अंतिम टेबलावर पोचला. बिल रॉबर्टी यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनी आपला ढीग भागिले एका फेरीचा खर्च असं एक माप वापरलं, ‘एम’. हे अक्षर पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनच्या पंडिताच्या आडनावाचं. आपल्या बटणवाल्याचा एम चार. एम वीसच्या वर असेल तर हिरवा पट्टा, पुढे पिवळा, केशरी, तांबडा आणि एकाच्या खाली गेलात की मेलेला. आजचे खेळाडू एम बाजूला ठेवून थेट ब्लाइंड मोजतात, संगणकाने काढलेले तक्ते पाठ करतात. त्यांना हे रंग बाळबोध वाटतात. तक्ते जास्त अचूक आहेत यात शंका नाही. तरी मला एम आवडतो, कारण त्यात ‘आपण गप्प बसलो तर किती फेऱ्या जगू’ हे सरळ कळतं. तक्ता काय करायचं ते सांगतो, एम का करायचं ते.

नाशिकमध्ये हे सगळं प्रत्यक्षात बघायला मिळणं कठीण. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा इथे लागू आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्याने वगळलेत आणि १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याच्या बाजूला बसवलं, पण पोकरच्या वाट्याला तसा निवांतपणा आला नाही. महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोंसाठी केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही झाला. गोव्याचा कायदाही १९७६चाच, पण पुढच्या दुरुस्त्यांनी मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. म्हणून हिरव्या मखमलीवर बसायचं तर पणजी गाठायची. फोनवर खेळणारी पोरंही होती. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

आमची शनिवारची बैठक गंगापूर रोडला एका मित्राकडे भरते, बिनपैशाची. चिंचोका शंभराचा, राजमा हजाराचा, काबुली चणा पाच हजारांचा. जो पहिला बाद होईल त्याने चहा करायचा. पैसा नसला की लोक वाटेल ते ढकलतात, हा आक्षेप मी ऐकला आहे. तो अर्धा खरा आहे. पण चहा करायला लागू नये म्हणून लोक जी शर्थ करतात ती असं म्हणणाऱ्यांनी बघितलेली नसते. तिथे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका येतात. आयुष्यभर नोटांच्या सहवासात राहिल्यामुळे असेल, समोरच्या राजम्याकडे ते फार अलिप्तपणे बघतात. त्यांची एक लकब आहे. पानं वाटली की ती उचलत नाहीत. आधी डावीकडच्या प्रत्येकापुढचे ढीग नजरेने मोजतात.

“काका, पत्ते तरी बघा आधी!”

“बघतो रे. आधी तुझ्याकडे किती उरलेत ते बघू दे.”

यात आगाऊपणा नाही, सगळी मेख तिथेच आहे. डावीकडे बसलेल्याकडे तीनच ब्लाइंड उरले असतील तर तो काहीही घेऊन अडवणार, त्याला घाबरवता येत नाही. फार मोठा ढीग असलेल्याला आपले नऊ ब्लाइंड किरकोळ वाटतात, तोही अडवू शकतो. घाबरतो तो मधला, ज्याच्याकडे पंधरा-वीस आहेत आणि आपल्याशी भिडून हरला तर तोच उतरणीला लागेल. काकांना असे मधले डावीकडे दिसले की पानांची अट सैल होते. एकदा नऊ ब्लाइंड घेऊन त्यांनी गुलाम-दश्शी ढकलली, मी शेजारी असल्याने मला ती दिसली. तिघांनी पत्ते टाकले. पोरांनी “दाखवा ना, काका” म्हणून गलका केला. काकांनी पानं उलटीच गड्डीत सरकवली आणि राजमा ओढून घेतला.

या विषयावर बोलताना जॅक स्ट्रॉस यांची गोष्ट कोणीतरी काढतंच. १९८२, लास वेगासचं हॉर्सशू, जागतिक स्पर्धेचा मुख्य सामना. स्ट्रॉस यांनी ढीग पुढे सारला, हरले, उठले आणि तेवढ्यात त्यांच्या जागेवर ५००ची एक चिप राहिलेली दिसली. तोंडाने ‘ऑल-इन’ म्हटलेलं नसल्याने ती त्यांचीच ठरली. त्या एका चिपेवरून चढत चढत त्यांनी ती स्पर्धा जिंकली, ५,२०,००० डॉलर. तेव्हापासून ‘एक चिप आणि एक खुर्ची’ हा हताशांचा मंत्र झाला. गोष्ट खरी आहे, सुरस आहे. पण कलेच्या दृष्टीने तिच्यात मला काही सापडत नाही. एका चिपेला कोणी भीत नाही, तिथे पानं येतील तसं होतं. ज्याला आपण दाद द्यायची तो खेळाडू दहा ब्लाइंडवरच उठून उभा राहतो, म्हणून त्याची अशी गोष्ट होत नाही.

शेवटी बक्षिसांच्या वेशीवरचा प्रकार. इथे माझी रसिकता जरा अडखळते. तिघे उरलेत, प्रत्येकाकडे सारख्या चिप्स, आणि बक्षिसं शंभरातली ५०, ३० आणि २०. प्रत्येकाच्या ढिगाची किंमत ३३. त्यातल्या एकाने दुसऱ्याला सगळं पणाला लावून हरवलं, तर चिप्स दुप्पट होतात, पण किंमत ४३च होते. हरला तर २० वर बाहेर. दहा मिळवायला तेरा लावायचे, म्हणजे सत्तावन्न टक्के खात्री नसेल तर भिडायचं नाही. हा हिशेब मेसन मॅलमथ यांनी ऐंशीच्या दशकात पोकरमध्ये आणला. गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी असलेलं सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं. यातून एक बारीक गोष्ट निघते: ढकलणाऱ्यापेक्षा अडवणाऱ्याला इथे जास्त जपावं लागतं. म्हणून पैशांच्या वेशीवर मोठ्या ढिगाचा माणूस मधल्यांवर जुलूम करू शकतो आणि मधल्यांना तो सहन करावा लागतो.

याचं टोक बघायचं तर दुसऱ्या मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका देणाऱ्या छोट्या स्पर्धेत बघावं. दहा प्रवेशिका, अकरा जण उरलेले. पहिला आणि दहावा यांना एकच बक्षीस. आपल्याकडे बरा ढीग आहे, कोपऱ्यात दोघातिघांकडे जेमतेम एकेक ब्लाइंड उरला आहे, आणि आपल्यापेक्षा मोठ्या ढिगाच्या माणसाने सगळं ढकललंय. आपण पानं उचलतो: एक्क्यांची जोडी. टाकून द्यायची. पाचातून एकदा ही जोडीही हरते, आणि जिंकून मिळणाऱ्या चिप्सनी प्रवेशिका काही दोन होत नाहीत. मी हे गणित उलटसुलट करून पाहिलं आहे, त्यात खोट नाही. आमच्या शनिवारच्या टेबलावर मी एकदा ते मांडून दाखवलं, तर काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पत्ते वाटायचे कशाला?” याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूचा आहे.